जर्सीवरचं नाव आणि तुझं ऑफर लेटर

प्रिय पोरी,

त्या मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या स्टार्टअपचं तुझं ऑफर लेटर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जुन्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन. सीटीसी, म्हणजे वर्षाचा सगळा मिळून पगार, १८ लाख. त्यातले ६ लाख ईसॉपचे, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे कंपनीचे शेअर घ्यायच्या हक्काचे. म्हणजे रोख १२. हिंजवडीत आज तुला १३ मिळतात. पगार वाढला असं आईला सांगून बसली आहेस, ते आधी दुरुस्त कर.

जाऊ नको, असं मी म्हणत नाही. (म्हटलं तर तू हमखास जाशील.) पण परवा मुद्दाम त्यांच्याच अ‍ॅपवरून कोथिंबिरीची जुडी मागवून पाहिली. नऊ मिनिटांत बेल वाजली. जुडी २२ रुपयांची, पहिली ऑर्डर म्हणून १० सुटले, डिलिव्हरी फुकट. पावसात भिजलेला मुलगा तीन जिने चढून आला होता. त्याची मजुरी, गोदामाचं भाडं, पिशवी आणि कोथिंबीर, हे सगळं १२ रुपयांत? बाकीचे पैसे कुणीतरी भरतंय. ते कोण आणि आणखी किती महिने भरणार, हे मुलाखतीत विचारलंस का?

'आयपीएलमध्ये जाहिरात येते त्यांची' असं तू लिहिलंयस. अगं, जाहिरातीवरून तब्येत कळत नाही. भारतीय संघाची जर्सीच घे. मी बघायचो तेव्हा छातीवर विल्स असायचं, सिगारेटचं. मग बरीच वर्षं सहारा. २०१७ मध्ये ओप्पो या मोबाइल कंपनीने पाच वर्षांसाठी १,०७९ कोटी कबूल केले आणि दोनच वर्षांत ती जागा ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजला दिली. २०२२ मध्ये बायजूजचं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होतं. जुलै २०२४ मध्ये त्यांच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, तीही बीसीसीआयच्याच अर्जावर, प्रायोजकत्वाचे १५८ कोटी थकले म्हणून! २०२३ मध्ये जर्सीवर ड्रीम११ आलं, मोबाइलवर पैसे लावून क्रिकेटचा संघ निवडायचा खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला आणि पुढच्याच महिन्यातला आशिया चषक आपली पोरं कोऱ्या छातीने खेळली. आता तिथे अपोलो टायर्स आहे. जर्सीला शाप असल्याचं मीम तूच पाठवलं होतंस मला. शाप कसला? ज्या धंद्यात त्या वर्षी पैशाला पूर आलेला असतो, तोच सगळ्यात मोठी बोली लावतो. पुराच्या पाण्यावरून विहिरीची खोली कशी सांगणार?

आता त्या ६ लाखांचं. वर्षभर काढल्याशिवाय एकही ऑप्शन (एक शेअर घ्यायचा हक्क) तुझा होत नाही, आणि सगळे व्हायला चार वर्षं. समज, हजार ऑप्शन १० रुपये भावाने मिळाले आणि ते घेतेस त्या दिवशी शेअरची किंमत ५१० धरली गेली. मधले ५ लाख प्राप्तिकर खातं तुझा त्या वर्षीचा पगार धरतं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर दीड लाखाच्या वर कर, रोखीने. कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर शेअरला गिऱ्हाईक नाही. काही स्टार्टअपांना हा कर पुढे ढकलायची सवलत आहे, तुमची त्यात बसते का ते बघ. नोकरी सोडल्यावर ऑप्शन घ्यायला किती दिवस मिळतात तेही बघ. आणि कंपनी विकली गेलीच, तर गुंतवणूकदार बहुधा करारानुसार आपले पैसे आधी काढून घेतात. कर्मचाऱ्यांची पंगत त्यानंतर.

बाजारात आलेल्यांचंही काही खरं नसतं. पेटीएम नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० ला आला आणि पहिल्याच दिवशी पावहिश्शाहून जास्त पडला. झोमॅटो त्याच वर्षी ७६ ला आला, वर्षभरात ५० च्या खाली गेला, २०२४ मध्ये २०० च्या वर. मधे विकणारे मूर्ख नव्हते. कुणाला घराचा हप्ता भरायचा होता, कुणाला नव्हता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००० साली अंधेरीतल्या एका डॉटकॉममध्ये, म्हणजे इंटरनेट कंपनीत, गेलो होतो. नाव नको. चार हजार ऑप्शनचं पत्र मिळालं, जाड कागद, वर सोनेरी शिक्का. त्याच्या जोरावर सेकंडहँड मारुती घेतली, कर्ज काढून. त्या मार्चमध्ये नॅस्डॅक, म्हणजे अमेरिकेतला तंत्रज्ञान कंपन्यांचा शेअर निर्देशांक, ५,००० च्या वर गेला आणि कोसळला. ती पातळी पुन्हा गाठायला त्याला १५ वर्षं लागली, आमची कंपनी त्याआधीच गुंडाळली गेली होती. शेवटचे दोन पगार बुडाले. गाडीचे हप्ते तुझ्या काकूच्या पगारातून गेले. दर दिवाळीत एकदा तरी तो विषय निघतो. तरी खरं सांगतो, तिथे वर्षभरात जेवढं काम शिकलो तेवढं आधीच्या सहा वर्षांत नव्हतो शिकलो. ते शिकणं हवं असेल तर जा, पण १२ लाखांत घर चालतं का ते बघून. ६ ची बेरीज नको.

दोन कामं कर. एचआरला मेल टाक: कंपनीचे एकूण शेअर किती, त्यातले माझे किती टक्के? नुसती ऑप्शनची संख्या सांगितली तर पुन्हा विचार. आणि एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कंपनीचा ताळेबंद उतरवून घे. रविवारी छापून घेऊन ये. मोबाइलवर नको, मला त्यावर खुणा करायच्या आहेत. सोनेरी शिक्क्याचं पत्र रेशनकार्डाच्या फाइलमध्ये आहे, तेही काढून ठेवतो.

तुझा,
काका