कंपनीची 40 वर्षांपूर्वीची जमीन ताळेबंदात जुन्याच भावाने का दिसते?

कारण नियम तशी मुभा देतो. इंड एएस 16 या भारतीय लेखा मानकानुसार (हिशेब मांडण्याच्या नियमानुसार) जमीन, इमारत, यंत्रं एक तर खरेदीच्या किमतीवर ठेवायची, नाहीतर नियमित पुनर्मूल्यांकन करायचं. बहुतेक कंपन्या पहिलाच मार्ग धरतात. जमिनीला घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी किमतीत धरली जाणारी घट, लागत नाही, त्यामुळे तेव्हा 10 लाखांना घेतलेला प्लॉट आजही 10 लाखांचाच दिसतो. यंत्रांचा आकडा मात्र दरवर्षी उतरत जातो.

पुनर्मूल्यांकन केलं तरी वाढ सहसा नफ्यात धरत नाहीत. ती वेगळ्या राखीव खात्यात जाते आणि त्यातून लाभांश वाटता येत नाही. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण पैसा हातात आलेलाच नसतो.

शेअर घेण्याआधी ताळेबंदाला जोडलेल्या टिपा (नोट्स) नक्की वाचा. भाड्याने दिलेल्या मालमत्तेचं रास्त मूल्य, म्हणजे आजच्या बाजारातली किंमत, इंड एएस 40 या मानकामुळे तिथे सहसा सापडतं.