पॉप मासिकांची मुखपृष्ठं: गल्ल्यावर बसून बघितलेली

प्रश्न: "पॉप संगीताच्या मासिकांची मुखपृष्ठं तरुण वाचकांना आकर्षित करण्यासाठी कशी डिझाइन करतात? रंगसंगती, फॉन्ट आणि मांडणीबद्दल सांगा. मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी हवंय."

रंगसंगती आणि फॉन्ट तुला पुस्तकात मिळतील, तुझ्या सरांकडेही मिळतील. (वयानं मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते, राग नसावा.) मी डिझायनर नाही. लग्न होऊन साताऱ्याहून इंग्लंडात लूटनला आले आणि नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं पेपरच्या दुकानात गल्ल्यावर बसले. दुकान मोठ्या भावोजींचं, आम्ही नवराबायको त्यांच्या हाताखाली. तू ज्यांना 'तरुण वाचक' म्हणतोस किंवा म्हणतेस ना, ते दुपारी साडेतीनला शाळा सुटली की टाय सैल करून आत घुसायचे. बहुतेक पोरी, दहा ते चौदा वयाच्या, मुठीत घामेजलेली नाणी. दोन मासिकं हातात घेऊन दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि एक घेऊन जायच्या. कुठलं घेतात आणि का, हे मी रोज बघत होते.

पहिलं हे डोक्यात घे की दुकानात मुखपृष्ठ कधीच पूर्ण दिसत नाही. रॅकवर मासिकं एकमेकांवर चढवून उभी केलेली असतात. शेजारचं मासिक याच्या उजव्या अंगावर येतं, खालच्या फळीवरचं याचा तळ झाकतं. उरते ती डावीकडची पट्टी आणि वरचा भाग. म्हणून मासिकाचं नाव सगळ्यात वर, त्याची पहिली दोन-तीन अक्षरं नुसती दिसली तरी ओळख पटेल अशी, आणि सगळ्यात चटकदार ओळ डाव्या कडेला. उजव्या खालच्या कोपऱ्यात बारकोड नाहीतर ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही असं काहीतरी. तुझ्या प्रोजेक्टमध्ये 'मांडणी' लिहिताना मुखपृष्ठाचा उजवा भाग हातानं झाकून बघ, मग कळेल कोणी डोकं लावलंय.

दुसरं, डोळे. पॉपच्या मुखपृष्ठावरचा माणूस थेट तुझ्याकडे बघतो. खिडकीबाहेर बघणारा, विचारात गढलेला गायक मोठ्या माणसांच्या मासिकात चालतो. बारा वर्षांच्या पोरीला तो तिच्याकडे बघायला हवा. आणि आडनाव नको. टेक दॅट या पोरांच्या पॉप बँडमधले रॉबी, गॅरी, मार्क. वर्गातल्या मुलांना हाक मारावी तसं.

चार-पाच जणांचा ग्रुप असला की मधे कोण हा मोठा प्रश्न. १९९६ साली टॉप ऑफ द पॉप्स मासिकानं स्पाइस गर्ल्स या पाच पोरींच्या पॉप ग्रुपला टोपणनावं दिली: स्केअरी, स्पोर्टी, बेबी, जिंजर, पॉश. ती जगभर चिकटली. लोक म्हणतात गंमत म्हणून दिली. असेल. पण मुखपृष्ठाच्या दृष्टीनं त्यानं काय झालं बघ: पाच चेहरे म्हणजे पाच वेगळ्या पोरींसाठी पाच दारं. दुकानात येऊन पोरी एकमेकींना सांगायच्या, मी बेबी, तू स्पोर्टी. मग ज्या अंकावर आपली बाई पुढे, तो अंक आपला.

रंगाबद्दल एवढंच म्हणेन की 'मुलींना गुलाबी आवडतो म्हणून गुलाबी' असं लिहू नकोस. शेजारच्यापेक्षा वेगळं दिसायचं, एवढाच रंगाचा उपयोग. सगळी फळी गुलाबी झाली त्या महिन्यात पिवळं मासिक उठून दिसायचं. केरँग या रॉक-मेटलच्या मासिकाचं सगळं काळं-लाल, नाव तडा गेलेल्या काचेसारखं, आणि ते घेणारी पोरंही काळ्या टी-शर्टातली. त्यांना गुलाबी फळीजवळ कोणी बघितलं असतं तर लाज वाटली असती. याला तू हवं तर 'टार्गेट ऑडियन्स' म्हण.

आता फुकट वस्तू. लिप ग्लॉस, स्टिकर, पेन, बिल्ला. त्या मुखपृष्ठावर टेपनं चिकटवलेल्या असायच्या नाहीतर सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. डिझायनरला आधीच माहीत असतं वस्तू कुठे बसणार, म्हणून तेवढी जागा तो रिकामी सोडतो आणि चेहरा वर सरकवतो. स्कॅन बघशील तर वाटेल, इथे एवढी मोकळी जागा का? कारण तिथे लिप ग्लॉस होतं. आणि ते लिप ग्लॉस अर्ध्या वेळा माझ्या डोळ्यांदेखत खिशात जायचं, मासिक जागेवर. न खपलेले अंक परत पाठवायचे, त्याचे पैसे वळते व्हायचे, पण वस्तू गायब असली की आमचा होलसेलर कुरकुर करायचा आणि कधीकधी पैसे कापायचा. म्हणजे पोरीनं लिप ग्लॉस लावलं आणि भुर्दंड आम्हाला.

पोस्टरचं तर विचारूच नकोस. एका बाजूला एक हिरो, मागच्या बाजूला दुसरा. एक भिंतीला लावला की दुसरा भिंतीकडे तोंड करून. माझी पुतणी यावरून खरोखर रडायची. मुखपृष्ठावर मात्र दोघांची नावं ठळक, पाठपोट आहेत हे कुठेच नाही. जर्मनीतलं पोरापोरींचं मासिक ब्राव्हो यांच्याही पुढचं: त्यांनी १९५९ पासून नटनट्यांची पुऱ्या उंचीची पोस्टरं तुकड्या-तुकड्यांनी द्यायला सुरुवात केली. पाय हवे असतील तर पुढचा अंक घ्या!

हे झालं तुझ्या प्रश्नाचं. आता खरं सांगते, हे सगळं फुकट जातं जर मासिक चुकीच्या फळीवर असलं तर. आणि आमच्या दुकानात ते वर्षानुवर्षं चुकीच्या फळीवर होतं.

भावोजींनी रॅक लावला होता तो असा. सगळ्यात वर पुरुषांची 'तसली' मासिकं, ती वरच ठेवायची तिथली पद्धत. त्याखाली गाड्या, कॉम्प्युटर, मासेमारी. त्याखाली बायकांची साप्ताहिकं, आणि त्यांना चिकटून पॉप. खाली लहान मुलांची कॉमिक्स, तळाला वर्तमानपत्रं. पॉप वर का, तर भावोजींचं म्हणणं: "पैसे आया देतात. आयांना दिसलं पाहिजे." दुसरं म्हणणं: "खाली ठेवलं की पोरी फतकल मारून फुकट वाचत बसतात."

ऐकायला बरोबर वाटतं. पण आई पैसे देते ती सहा वर्षांच्या पोराच्या कॉमिकचे. बारा वर्षांची पोरगी आईला दाखवून मासिक घेत नाही, पॉकेटमनीतून घेते आणि दप्तरात घालते. हे मी भावोजींना किती वेळा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुला धंद्यातलं काय कळतं?"

१९९६च्या फेब्रुवारीत टेक दॅट फुटलं. भारतातल्या वाचकांना कल्पना येणार नाही, पण रडणाऱ्या पोरींसाठी ब्रिटनमध्ये फोनच्या हेल्पलाइन सुरू कराव्या लागल्या होत्या. दुकानात त्या आठवड्यात पोरी घोळक्यानं यायच्या, डोळे सुजलेले. पुतणी, म्हणजे भावोजींचीच मुलगी, वय अकरा, रॅकसमोर उभी राहून टाचा उंचावत होती. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "काकी, इथून मला नुसते केस दिसतात. रॉबी आहे की गॅरी, कसं कळणार?"

मी तिच्या शेजारी गुडघे वाकवून तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आले. खरंच. खालच्या फळीवरच्या मासिकांनी वरच्यांचे चेहरे नाकापर्यंत झाकले होते. जे थोडं दिसत होतं त्यावर ट्यूबलाइटची पांढरी तिरीप. तो कागद गुळगुळीत, त्यावर प्लास्टिकची पिशवी, उजेड नेमका डोळ्यांवर चमकत होता. लंडनमध्ये बसून कुणीतरी एवढा आटापिटा करून डोळे वाचकाकडे वळवले होते, आणि आमच्या दुकानात ते डोळे फक्त भावोजींना दिसत होते. भावोजी सहा फूट.

त्या डिसेंबरात भावोजी घरातल्या लग्नाला साताऱ्याला गेले. मी पॉपची मासिकं दोन फळ्या खाली आणली, चॉकलेटांच्या शेजारी. आमचे हे म्हणाले, दादाला कळलं तर? म्हटलं, कळू दे. एका मासिकाला खाली जागा उरली नाही, ते वरच राहिलं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

नाताळपर्यंत खालची फळी रिकामी. होलसेलरला फोन करून जादा अंक मागवले, तेही गेले. पोरी फतकल मारून बसल्या, हो, बसल्या. दहा मिनिटं वाचायच्या, मग त्यातलीच एखादी गल्ल्याशी यायची. लहान बहिणीला चॉकलेटही घ्यायची. त्याचे पैसे कोण मोजणार?

भावोजी जानेवारीत परत आले. रिकामी फळी बघून पहिला प्रश्न, "चोरीला गेली काय?" मी हिशोबाची वही पुढे केली. वही बघून म्हणाले, "हे त्या पाच पोरींमुळे. आणि नाताळ होता." दुसऱ्या दिवशी मासिकं परत वरच्या फळीवर.

त्या पाच पोरींमुळे! बरं, मान्य, स्पाइस गर्ल्सचं वेड होतं. नाताळच्या आठवड्यात पहिल्या नंबरावर त्यांचंच गाणं होतं. पण जे मासिक जागेअभावी वर राहिलं, त्याच्या मुखपृष्ठावर कोण होतं? त्याच पाच जणी. त्याच नाताळात, त्याच दुकानात. त्याचा गठ्ठा जवळजवळ जसाच्या तसा परत गेला. गेली कित्येक वर्षं दिवाळीच्या फराळाला हा विषय निघतो आणि दरवेळी याच मुद्द्यावर भावोजींना चहा थंड झाल्याचं आठवतं.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टला माझा सल्ला: मुखपृष्ठ स्कॅन करून बाण काढू नकोस. स्टॉलवर जा, वयोगट धर, त्या वयाच्या मुलाच्या उंचीवर फोन धरून फोटो काढ. मुंबईत असशील तर स्टेशनवरच्या स्टॉलवर मासिकं दोरीला चिमटे लावून टांगतात, तिथे वेगळाच भाग दिसतो. 'तरुण वाचक' असा एक गट नसतो. सतरा-अठरा वर्षांचे पोरगे एनएमई (न्यू म्युझिकल एक्स्प्रेस, संगीताचं साप्ताहिक) घ्यायचे, ते उंचीनं भावोजींएवढे, त्यांना वरची फळी चालायची. त्यांना लिप ग्लॉस नको होतं, भांडण हवं होतं. १२ ऑगस्ट १९९५चा एनएमई शोध: ब्लर आणि ओअ‍ॅसिस या दोन ब्रिटिश बँडची गाणी एकाच दिवशी येणार होती, तर मुखपृष्ठ चक्क बॉक्सिंगच्या सामन्याच्या जाहिरातीसारखं केलं, दोघांचे गायक समोरासमोर. त्याला मी त्या काळातलं सगळ्यात हुशार मुखपृष्ठ मानते. गुलाबीचा ठिपका नाही.

थोडं मागचंही टाक, मार्क मिळतात. स्मॅश हिट्स हे ब्रिटिश पॉप मासिक १९७८ साली निक लोगननं सुरू केलं, तो त्याआधी एनएमईचा संपादक होता. गाण्यांचे शब्द छापणं हे त्याचं मोठं आकर्षण, कारण इंटरनेट नव्हतं आणि शब्द कळायचे नाहीत. पेट शॉप बॉइज या पॉप जोडीतला नील टेनंट गायक होण्याआधी तिथेच नोकरीला होता. आपल्याकडे अलाहाबादहून १९९३ साली रॉक स्ट्रीट जर्नल निघालं, पण ते कॉलेजच्या पोरांचं, तिथले हिशोब निराळे.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: मी सांगितलं ते एका दुकानाचं आहे, तेही छापील मासिकांच्या चांगल्या दिवसांतलं. स्मॅश हिट्स २००६ मध्ये बंद पडलं, एनएमईचा छापील साप्ताहिक अंक २०१८ मध्ये, क्यू हे संगीताचं मासिक २०२० मध्ये. आता पोरं फोनवर अंगठ्याएवढं चित्र बघतात, तिथे डावी पट्टी वगैरे काही नाही. डोळे मात्र अजून थेट तुमच्याकडेच बघतात, हे तपासून बघ.

मुखपृष्ठांचे फोटो हवे असतील तर पुतणीकडे त्या काळातले अंक आहेत, मधली पोस्टरची पानं फाडलेले. मागून देते. फुकट देईल असं वाटत नाही, बापावर गेलीये.