स्पायडर-मॅन नेमका घडला कसा?

कोळी चावला म्हणून, एवढंच सगळ्यांना आठवतं. पण १९६२ सालची मूळ कॉमिक कथा वाचली की खरी दया येते ती कोळ्याची. बिचारा विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात किरणांच्या मधोमध सापडला, मरता मरता पीटर पार्करला, म्हणजे पुढच्या स्पायडर-मॅनला, चावला आणि संपला. त्याचं पुढे कुणी नावही काढलं नाही!

बरं, कोळ्याने ताकद दिली, भिंतीवर चढायची सोय दिली, पण जाळं काही दिलं नाही. तो चिकट द्रव आणि तो उडवायची मनगटावरची यंत्रं पीटरने स्वतःच बनवली. पोशाखही स्वतःच शिवला. शाळकरी पोराने! माझ्या मते चावा निमित्तमात्र, पोरगंच अचाट होतं.

आणि एवढी शक्ती मिळाल्यावर पहिलं काम काय? जगाचं रक्षण वगैरे नाही. शंभर डॉलरसाठी कुस्ती, मग टीव्हीवर कार्यक्रम. चोर समोरून पळाला तरी 'माझं काम नाही' म्हणून सोडला. त्याच चोराने पुढे पीटरला वाढवणाऱ्या काकांचा, अंकल बेनचा, जीव घेतला, तेव्हा कुठे साहेबांना शहाणपण आलं.

पैशांचं मात्र जमलंच नाही. १९६३ च्या एका अंकात त्याला 'स्पायडर-मॅन' या नावाने चेक मिळतो आणि बँकेतला माणूस ओळखपत्र मागतो.