मी कोण म्हणून रडू?

प्रिय मावशी,
मी ४१ वर्षांचा. पुण्यात ११ वर्षं एका माणसासोबत एका घरात राहिलो. जगासाठी आम्ही रूममेट. ८ महिन्यांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. दहाव्याला त्याच्या गावी, सातारा जिल्ह्यात, घाटावर मी ऑफिसच्या मंडळींत सगळ्यांच्या मागे उभा होतो. कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, शेत विकणार नाही. मामा म्हणाले, आईला अंतर देणार नाही. मलाही एक वाक्य बोलायचं होतं, बोललो नाही. निघताना त्याच्या आईने गोधडी दिली. दर रविवारी तिचा फोन येतो, ‘जेवलास का?’ मी हो म्हणतो, जेवलेलो नसलो तरी. हल्ली म्हणते, ‘आता तू तरी लग्न कर.’ मध्यंतरी ‘साबर बोंडं’ हा सिनेमा पाहिला. दिवे लागले तरी उठता येईना. तिला सगळं सांगून टाकू का? भावाला त्याचं सामान आणि मोबाईल हवाय, त्याचं काय करू? आणि मी कोण म्हणून रडू?
– एक रूममेट

बाळा,

मावशी म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू त्याचा जोडीदार होतास. जोडीदार म्हणूनच रड.

हा शब्द तुला कुणी दिला नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या संसाराची पहिली काही वर्षं तर तुमचं प्रेम कायद्याने गुन्हा होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो डाग पुसला. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे कागदावर तू आजही कोणी नाहीस, आणि याची मला मनापासून चीड येते.

पण तुझं दुखणं कागदापुरतं नाही. आपल्याकडे माणूस गेला की घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. कोणी नुसतं शेजारी येऊन बसतं. सुतक असतं, दहावा असतो, तेरावा असतो. दुःखात बुडालेल्या माणसाला हे दिवस काहीतरी करायला देतात, आणि लोकांना त्याच्याकडे बघायला लावतात. तुला यातलं काहीच मिळालं नाही. तुझी चूल कोणी विचारली नाही. ८ महिने झाले तरी तू त्या घाटावरच उभा आहेस तो म्हणून. तू कमकुवत आहेस, असं मनात आणू नकोस.

तो सिनेमा मीही पाहिलाय. दिग्दर्शक रोहन कानवडे यांना तो स्वतःच्या वडिलांच्या सुतकाच्या दिवसांवरून सुचला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परदेशी सिनेमांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं तेव्हा मला माहेरचं कोणी जिंकल्यासारखा आनंद झाला होता. तुझं पत्र वाचल्यावर मात्र तो वेगळाच दिसला. त्यातला नायक आनंद वडील गेले म्हणून गावी येतो. तो मुलगा आहे, दहा दिवस दुखवट्यात बसायचा त्याचा हक्क कोणी काढत नाही. त्याला लपवावं लागतं ते प्रेम. तुला दुःखच लपवावं लागलं. त्याला त्या दहा दिवसांत लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, तुझा माणूस त्या दहा दिवसांत कायमचा जातो. तुला उठता आलं नाही, यात नवल काय?

आणि त्यातली आई. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे, नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती त्याची बाजू सांभाळते. ती बघूनच तुला वाटलं असणार, आपणही सांगून टाकावं. इथे मी तुला थांबवते. आत्ता सांगू नकोस. एक तर हे गुपित एकट्या तुझं नव्हतं. ११ वर्षांत त्याने आईला सांगितलं नाही, त्याची काही कारणं असतील. दुसरं म्हणजे, तिचा मुलगा जाऊन वर्षही झालेलं नाही. ती कोलमडली, भावाच्या कानावर गेलं, तर रविवारचा फोन बंद होईल. आज तुझ्या घरात त्याचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघतं ते त्या एका फोनवर. तो धोका तू आत्ता पेलू शकशील असं मला वाटत नाही. कधीच सांगू नकोस असं मात्र मी म्हणत नाही.

गोधडीचं वाक्य तू घाईने लिहून पुढे गेलास. मी तिथेच अडकले. आई गोधडी शिवते ती घरातल्या जुन्या लुगड्यांची, धोतरांची, मुलांच्या कपड्यांची. ती बाहेरच्या माणसाला कोणी सहज देत नाही. तिला सगळं उमगलंय, असा अर्थ मी काढणार नाही. पण तिने तुला ऑफिसवाल्यांत धरलेलं नाही, एवढं नक्की. लग्नाचं म्हणाली तर खोट्या सबबी सांगू नकोस. ‘आई, मला लग्न करायचं नाही’ म्हण आणि तिथेच थांब.

सामानाचं सरळ सांगते. मृत्युपत्र नसेल तर त्याच्या पैशाअडक्यावर, वस्तूंवर कायद्याने आईचा हक्क पहिला. भांडू नकोस. कागदपत्रं, बँकेची पुस्तकं देऊन टाक. जे तुला हवंय ते मात्र तोंडाने माग. ‘त्याचं घड्याळ मी ठेवू का?’ असं विचारायला कोणत्याही नात्याचा दाखला लागत नाही. मोबाईल देण्याआधी तुमचे दोघांचे फोटो उतरवून घे, ते तुझेही आहेत. त्याचे अंगातले कपडे, उशीची खोळ यांची यादी कोणी मागणार नाही.

(असं जोडीदारासोबत राहणारं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी: २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घेतल्या तरी चालतं, नोंदणीची सक्ती नाही.)

आता ते घाटावरचं वाक्य. काय होतं ते तू मलाही लिहिलं नाहीस, आणि मी विचारत नाही. पण ते तुझ्या घशात अडकलंय. पक्ष पंधरवड्यात तर्पण करतात ना, त्यात आई-बापाच्या, आजा-पणजाच्या नावांनंतर गुरू, आप्त, सखा यांचीही नावं घेता येतात. सखा हा शब्द आपल्या पूर्वजांनी त्यात आधीच ठेवलाय. हा पितृपंधरवडा आला की त्याच्या नावाने ओंजळभर पाणी सोड आणि ते वाक्य मोठ्याने बोल. विधींवर विश्वास नसेल तर दार लावून, ती गोधडी अंगावर घेऊन बोल. मात्र मनातल्या मनात नको.

त्याआधी, याच महिन्यात, जिवंत माणसांपैकी एकाला तरी खरं सांग. ओळखीतलं कोणी नसेल तर मुंबईत १९९४ पासून समलिंगी माणसांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे. रात्री फारच जड झालं तर मानसिक आधारासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फिरव. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटायला लागलं, तर त्याच क्षणी फिरव, सकाळची वाट बघू नकोस.

आणि रविवारी तिचा फोन येईल. ‘जेवलास का?’ विचारेल. जेवला नसशील तर या वेळी ‘नाही’ म्हण. मग ती रागवेल, काय करून खायचं ते सांगेल, फोन चालू ठेवून कुकर लावायला लावेल. लाव.

– तुझी मावशी