गेलं वर्ष सगळंच वाईट गेलं. पुढच्या वर्षाकडून आशा कशी ठेवायची?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वर्षभरात नोकरी गेली, घरातलं एक माणूस गेलं, कुणी "नवं वर्ष, नवी सुरुवात" म्हटलं की राग येतो, आणि डोळे मिटून पुढचा विचार केला तर काहीच दिसत नाही. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मागच्या वर्षाच्या शेवटी मी हेच, जवळजवळ याच शब्दांत, एका मैत्रिणीला फोनवर म्हटलं होतं. म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझं ते वर्ष थोडक्यात सांगते. मी मानसशास्त्र शिकवते. तेव्हा कराराने शिकवत होते आणि फेब्रुवारीत करार वाढवला गेला नाही. मे महिन्यात आईच्या फुप्फुसाच्या आजाराचं निदान झालं. पुढचे सहा महिने घर आणि दवाखाना. नोव्हेंबरात आई गेली. मधल्या काळात उपचार कुठवर ताणायचे यावरून माझं आणि दादाचं बिनसलं. शेवटचे तीन आठवडे आम्ही एकाच घरात राहून फक्त औषधं आणि डॉक्टरांच्या वेळा यांबद्दल बोलत होतो. या सगळ्यात तेच मला अजून सर्वांत जास्त खुपतं.

त्यानंतर कुणी विचारलं की मी एवढंच म्हणायचे, "वर्षच वाईट होतं." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते वाक्य म्हणून म्हणून इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला धरायला कुठे जागाच उरली नव्हती.

मग जानेवारीच्या अखेरीस आईचं कपाट आवरताना औषधांची वही हाताला लागली. साधी शंभर पानी वही. तारीख, वेळ, गोळीचं नाव, ताप, ऑक्सिजनचा आकडा. रात्रपाळी बदलताना एकमेकांना कळावं म्हणून मी आणि दादा दोघंही त्यात लिहायचो. रद्दीत टाकण्यापूर्वी सहज उघडली आणि जमिनीवर बसून तास-दीड तास वाचत राहिले. समासात बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. "१४ जून. खिडकीपर्यंत चालली. हात धरला नाही." "९ जुलै. आज काही बोलली नाही. दिवसभर नाही." "२२ ऑगस्ट. दादाने वेणी घातली. वाकडी झाली. आई आरशात बघून हसली, खोकला येईपर्यंत हसली."

२२ ऑगस्टची ती ओळ माझ्याच अक्षरात होती आणि मला त्या दुपारची आठवण अजिबात उरलेली नव्हती. दादाबद्दल माझ्या डोक्यात फक्त ते भांडण होतं. सहा महिने रात्री जागलेला माणूस मी तीन आठवड्यांच्या अबोल्यात कोंबून ठेवला होता.

वर्ष चांगलं होतं असं त्या वहीने मला सांगितलं नाही. ९ जुलैही तिथेच होता, आणि त्याच्यासारखे कितीतरी दिवस होते. बदललं ते एवढंच की एका काळ्या ढेकळाचे पुन्हा सुटे सुटे दिवस झाले. तुम्हाला मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

असं का होतं याचा थोडा अभ्यास झालेला आहे. वर्गात मी तो अनेक वर्षं शिकवला, पण स्वतःच्या वर्षाला कधी लावून पाहिला नव्हता. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तसंच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत जरासं कोमट होत जायचं. तिसऱ्या खेपेला यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली. एकूण त्रास तिच्यात जास्त होता, पण शेवट किंचित सुसह्य होता. आठवण किती वेळ सोसलं हे मोजत बसत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरून ती आपला निकाल देऊन टाकते. माझ्या वर्षाचा शेवट नोव्हेंबर होता. तुमच्या वर्षाचा शेवट कसा होता हे मला ठाऊक नाही, पण तो आधीच्या सगळ्या महिन्यांवर सांडला असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. १९८६ साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी नुकताच जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या काही रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगायला सांगितलं. या लोकांना नेमकं सांगणं जड जात होतं. "त्या दिवशी संध्याकाळी अमुक घडलं" असं येण्याऐवजी "मी नेहमीच हरायचो", "लहानपणी बरं असायचं" अशा धाटणीची मोघम उत्तरं येत होती. पुढे विल्यम्स यांच्याच १९९६च्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा भूतकाळ असा मोघम असतो, त्यांना भविष्यातलंही नेमकं चित्र रंगवता येत नाही.

हे दोन धागे जोडलेले का असावेत, याचा अंदाज कॅनडातल्या एका रुग्णावरून येतो. संशोधनात त्याला के. सी. म्हणतात. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली. भाषा, गणित, जगाची माहिती हे सारं शाबूत राहिलं, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेना. स्मृतीचे अभ्यासक एंडेल टुल्व्हिंग यांनी त्याला विचारलं, उद्या काय करशील? त्यालाही उत्तर येईना. कालच्या जागी जशी कोरी पाटी होती, तशीच उद्याच्या जागी. उद्याचं चित्र आपण आठवणींच्याच तुकड्यांतून जुळवतो. तुकडेच हाताशी नसतील तर जुळवणार काय?

तुमचं "काहीच दिसत नाही" मी या प्रकाशात वाचते. तुमची हिंमत कमी पडते आहे असं मला वाटत नाही. गेलं वर्ष एका गोळ्यात बांधलं गेलंय आणि त्यामुळे पुढचं वर्ष रंगवायला सामानच मिळत नाहीये, असं मला वाटतं. अँड्र्यू मॅक्लाउड यांच्या अभ्यासातलं एक निरीक्षण मला फार दिलासा देऊन गेलं होतं. जगण्यावर रुसलेल्या माणसांना पुढे काय काय घडेल असं विचारलं, तेव्हा वाईट गोष्टींची त्यांची यादी इतरांपेक्षा लांब नव्हती. चांगल्या गोष्टींची यादी मात्र तोकडी होती. म्हणजे भीती कमी करत बसण्यापेक्षा दुसऱ्या यादीत दोन ओळी कशा वाढतील ते पाहणं जास्त कामाचं.

तुमच्याकडे वही नसेल. हरकत नाही. फोनमधले फोटो, पाठवलेले निरोप, प्रवासाची तिकिटं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कुणाला किती वाजता फोन केला त्याची नोंद, यांतून एखादा दिवस उभा करता येतो. मुद्दाम साधी तारीख घ्या, महत्त्वाची नको. त्या दिवशी कुठे होतात, कोण बरोबर होतं, ऊन होतं की पाऊस, काय हातात होतं, एवढंच लिहा. त्यातून काही शिकायचं नाही. "वाईटातूनही चांगलं शोधा" असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या आईच्या दम लागण्यातून मला काहीही शिकायचं नव्हतं, आणि काही दुःखं नुसती दुःखंच असतात. फक्त दिवस सुटा करायचा. वाईट असेल तर तो एक वाईट दिवस म्हणून सुटा होऊ दे.

रोज हे करू नका. पाच-सहा पानं वाचली की मी वही ठेवून द्यायचे आणि खाली फिरायला जायचे किंवा एखादा अर्ज भरायला बसायचे. तेव्हा अपराधी वाटायचं, की आपण आईपासून पळतोय. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलंय की शोक करणारं माणूस असंच हेलकावत असतं: थोडा वेळ गेलेल्या माणसात, थोडा वेळ उरलेल्या आयुष्यात. दोन्हीकडे जाणं हाच शोकाचा नेहमीचा चालण्याचा प्रकार आहे. हे वाचलेलं होतंच, पण ते स्वतःला लागू करायची परवानगी मी बऱ्याच उशिरा दिली. तुम्ही ती आजच घ्या.

आता पुढच्या वर्षाचं. पुढचं वर्ष हाही एक गोळाच आहे, म्हणून "पुढचं वर्ष कसं जाईल" हा प्रश्नच मी बंद केला. "नव्या वर्षात सगळं बरं होईल" या वाक्याचा तुम्हाला राग येतो तो मला पटतो, कारण तारखेवर टांगलेली आशा तारीख उलटली की माणसाला खाली पाडते. जेम्स स्टॉकडेल हे अमेरिकेच्या नौदलातले वैमानिक. सप्टेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते फेब्रुवारी १९७३ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेसात वर्षं, कैदेत राहिले. कोण टिकलं नाही असं पुढे त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं: नाताळपर्यंत सुटू म्हणणारे. नाताळ जायचा, मग ते ईस्टर म्हणायचे, मग पुन्हा नाताळ यायचा. स्वतः स्टॉकडेल यांचा शेवटी सुटण्यावर विश्वास होता. कधी सुटणार, हे मात्र त्यांनी मनाशी ठरवून टाकलं नव्हतं.

म्हणून मी वर्षाऐवजी गुरुवार घेतला. फेब्रुवारीत एका शेजारणीच्या मुलीला परीक्षेसाठी मदत हवी होती. गुरुवारी संध्याकाळी एक तास. त्या तासाने माझं आयुष्य बदललं असं म्हणणार नाही. पण बुधवारी रात्री मला उद्याचं काहीतरी दिसायचं: टेबल, तिची निळी पेन्सिल, तिचा तोच तो अडणारा धडा. कित्येक महिन्यांत पुढचं दिसलेलं ते पहिलं चित्र.

एवढ्याशा गोष्टीने फरक का पडावा? मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. थांबवता न येणारे विजेचे धक्के बसलेले प्राणी पुढे सुटकेची वाट असूनही प्रयत्न करेनासे झाले. त्यावरून असहायता शिकली जाते असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. २०१६ साली याच दोघांनी मेंदूवरच्या नंतरच्या संशोधनाच्या आधारे सांगितलं की आपण ते उलटं वाचलं होतं. लांबलेल्या त्रासात हातपाय गळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काहीतरी आहे. आणि ते कळलं की मेंदूचा पुढचा भाग त्या गळाठ्याला आवर घालतो. वर्षभर तुमचं काही चाललं नसेल तर आत्ता उठावंसं न वाटणं हा तुमचा दोष नाही. आणि ते शिकायला मोठं काही लागत नाही. आपण काहीतरी केलं आणि त्याने काहीतरी हललं, एवढा अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन असंच बसलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वह्या आणि गुरुवार यांच्यावर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. जगू नये असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. आजच कुणाला तरी सांगा आणि त्यांना घेऊन जा. मी मार्चमध्ये गेले होते. आधी जायला हवं होतं.

आता माझं काय चाललंय ते सांगते, कारण तुम्ही "पुढे खरंच काही असतं का" असंही विचारलंय. जूनपासून मला दुसरीकडे काम मिळालं, तेही करारावरच, पुढच्या मे महिन्यापर्यंत. त्यानंतरचं माहीत नाही. आईची आठवण येते तेव्हा अजूनही आधी नोव्हेंबर येतो. मग मी वाट बघते आणि कधी कधी वेणी येते.

२२ ऑगस्टचं पान मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वही टाकू नकोस. परवा तो येतोय. वहीत ऑक्टोबरअखेरच्या एका रात्रीचं एक पान त्याच्या अक्षरात आहे. पावणेतीनला औषध दिल्याची नोंद आणि खाली एवढंच: "आईने लहानपणची एक गोष्ट सांगितली. सकाळी ताईला सांगायची." ताई म्हणजे मी. त्या सकाळी आमचं बोलणं बंद झालं होतं. ती गोष्ट कुठली, ते मला परवा कळेल.