घरात गरोदर बायको आणि दम्याचे वडील: फ्लूची लस कोणी, केव्हा घ्यावी?

तुमच्या बायकोला सातवा सरलाय, बाळंतपण डिसेंबरअखेर आहे. घरात 74 वर्षांचे वडील, त्यांना साखर आणि दमा दोन्ही. डॉक्टरीणबाई फ्लूची लस घ्या म्हणतात. आई म्हणतात, पोटुशीला कशाला टोचायचं, बाळ आलं की त्यालाच देऊ. आणि परदेशातला भाऊ आरएसव्ही नावाच्या, श्वासनळ्यांना गाठणाऱ्या विषाणूवरच्या लसीचं विचारतोय.

मी डॉक्टर नाही. इंदूरलाच माझं मेडिकल आहे, लसींचा फ्रीज सांभाळणं रोजचं काम. लस विकली तर मला दोन पैसे सुटतात, हे लक्षात ठेवूनच वाचा आणि शेवटचा शब्द डॉक्टरांचा माना.

आईंची गाडी अडते ती इथे: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देतच नाहीत. त्यानंतर पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. म्हणजे ऐन थंडीत जन्मलेल्या बाळाला पहिले सहा महिने स्वतःचं असं काहीच नाही. आईने गरोदरपणात लस घेतली की तिच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि ती शिदोरी पहिले काही महिने पुरते. टोचलेल्या लसीतला विषाणू मारलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल.

डांग्या खोकल्याचंही आत्ताच विचारून घ्या. तो विषाणूचा नव्हे, जिवाणूचा आजार, पण तान्ह्या बाळाला फार वाईट. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळते ती टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्याचा भाग असलेली टीडॅप वेगळी आणि विकतची. ती 27 ते 36 आठवड्यांत देतात, तुमची वेळ चालूच आहे.

भाऊ म्हणतो तो आरएसव्ही दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतो. धडधाकट मोठ्यांना नुसती सर्दी, पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनळ्या सुजून बंद होऊ लागतात. यावर लस शोधायचा 1960च्या दशकातला प्रयत्न पार उलटला होता: लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली, दोन दगावली. विषाणू ज्याच्या जोरावर पेशीत शिरतो त्या एफ प्रथिनाचा खरा आकार 2013 मध्ये उलगडला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली आणि 2023 मध्ये लसी आल्या. गरोदर बाईसाठी एकच डोस; जागतिक आरोग्य संघटना 28व्या आठवड्यापासून द्या म्हणते, अमेरिकेत 32 ते 36. आईने घेतली नसेल तर बाळाला थेट तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, निरसेव्हिमॅब, हा दुसरा मार्ग. आपल्याकडे यातलं काय मागवता येईल ते डॉक्टरीणबाईंना याच भेटीत विचारा, कारण लस आणि बाळंतपण यांत निदान दोन आठवडे हवेत.

आता वडील. फ्लूची लस त्यांनी बाळासाठी नव्हे, स्वतःसाठी घ्यावी. साखर-दम्याच्या माणसाला फ्लू नुसता खोकल्यावर सोडत नाही. कॅनडातल्या 2018च्या एका अभ्यासात फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं होतं. ‘मागच्या वर्षी घेतली तरी सर्दी झालीच’ हे दुकानात रोज ऐकतो. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत, ही लस एकट्या फ्लूची. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लस वेगळी. तिची आणि ज्येष्ठांच्या आरएसव्ही लसीची चौकशी त्यांच्या दम्याच्या डॉक्टरांकडे करा. बाळाला मात्र न्यूमोकोकलची, म्हणजे पीसीव्ही, सरकारी लसीकरणात फुकट मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नवव्या महिन्यात. ती चुकवू नका.

लस विकत घेताना खोक्यावर यंदाच्याच हंगामाचा फॉर्म्युला आहे ना ते बघा. विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलते. टोचायला निघताना घ्या, आइसपॅकमधून न्या. घरी ठेवायचीच तर फ्रीजच्या मधल्या खणात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेली लस वाया जाते आणि बाहेरून कळतही नाही.

राहिलं बारसं. बारसं म्हटलं की अर्धं इंदूर बाळाचे गाल ओढायला येतं. घरातल्या सगळ्यांच्या लसी त्याआधी दोन आठवडे उरकून घ्या, असर यायला तेवढे दिवस लागतात. शिंकणाऱ्या पाहुण्याला दारातच चहा द्या, रुसला तर रुसू दे. आणि आईंना न दुखवता सांगता आलं तर सांगा: बाळाला ओवा-बाळंतशेपाची धुरी नको. धूर बाळाच्या श्वासनळ्यांनाही नको आणि वडिलांच्या दम्यालाही.

एवढं करूनही बाळ दूध ओढेनासं झालं, श्वासागणिक छाती आत खेचली जाऊ लागली, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाला, तर माझ्यासारख्याच्या काउंटरवर सिरप मागायला येऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट लहान मुलांच्या दवाखान्यात न्या.