इलस्ट्रेटरमधलं चित्र इनडिझाइनमध्ये नेल्यावरही त्याचे पाथ बदलता येतात का?

येतात. (इलस्ट्रेटर म्हणजे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, इनडिझाइन म्हणजे पानं मांडायचं, आणि पाथ म्हणजे चित्रातल्या आकाराची बदलता येणारी रेषा.) तुम्ही लिहिलंय की पेस्ट केल्यावर अख्खं चित्र एका चौकटीत बंद होतं आणि आतला एकही रंग बदलता येत नाही. यात चित्राचा काही दोष नाही, अडचण क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं साठतं तिथे आहे. कॉपी करताना इलस्ट्रेटर एकाच चित्राची वेगवेगळी रूपं क्लिपबोर्डवर ठेवू शकतो: एक पीडीएफ आणि दुसरं एआयसीबी, म्हणजे इलस्ट्रेटरचं स्वतःचं क्लिपबोर्ड रूप, ज्यात पाथ सुटे असतात. इनडिझाइनने त्यातलं पीडीएफ उचललं की हाती येते ती बंद चौकट.

त्यामुळे सेटिंग दोन्हीकडे बदलावं लागतं. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'क्लिपबोर्ड हँडलिंग' उघडा (जुन्या आवृत्त्यांत ते 'फाइल हँडलिंग अँड क्लिपबोर्ड' या नावाखाली आहे). तिथे एआयसीबीवर खूण करा आणि त्याखालचं 'प्रिझर्व्ह पाथ्स' निवडा. मग इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये 'क्लिपबोर्ड हँडलिंग'मध्येच 'प्रीफर पीडीएफ व्हेन पेस्टिंग' असेल, त्यावरची खूण काढा. आता चित्र पुन्हा कॉपी करा, कारण आधी कॉपी केलेलं जुन्याच सेटिंगचं असतं. पेस्ट केल्यावर ग्रुप मिळेल. तो अनग्रुप केला किंवा पांढऱ्या बाणाने (डायरेक्ट सिलेक्शन) आतला पाथ निवडला, की रंग, रेषा, अँकर पॉइंट (पाथवरचे बिंदू) सगळं इनडिझाइनमध्येच बदलता येतं. स्वॉचेस पॅनलच्या (रंगांच्या यादीच्या) मेनूत 'अ‍ॅड अननेम्ड कलर्स' आहे, तेही लगेच करून टाका. पेस्टबरोबर आलेले बिननावाचे रंग त्याने यादीत येतात आणि पुढे एकेक आकार शोधत बसावं लागत नाही.

मात्र या वाटेने फक्त साधे आकार धड पोचतात. मेश ग्रेडियंट (जाळीवर मिसळत जाणारे रंग), ब्लर, सावल्या, ब्रशच्या रेषा, कमी-जास्त जाडीचे स्ट्रोक या गोष्टी इनडिझाइनला पाथ म्हणून समजत नाहीत. ब्रशच्या आणि बदलत्या जाडीच्या रेषा कॉपीच्या आधी 'एक्स्पांड अपिअरन्स' करून साध्या आकारांत बदलता येतात. तेही चित्राच्या वेगळ्या प्रतीवर करा. एकदा एक्स्पांड झालेली रेषा पुन्हा ब्रशची होत नाही. मजकूर तर चित्राबरोबर नेऊच नका. देवनागरी असेल तर तो इनडिझाइनमध्येच, 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लावून टाइप करा. जोडाक्षरं आणि मात्रा जागेवर राहतात आणि प्रूफ तपासताना दुरुस्ती पानावरच होते.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. सुटे पाथ पानावर खरंच हवेत का, हे आधी ठरवा. आयकॉन, बाण, नक्षीची किनार, फोटो बसवायचा वेडावाकडा आकार यांच्यासाठी पेस्ट उत्तम. फोटोसाठीचा आकार अनेक तुकड्यांचा असेल तर इलस्ट्रेटरमध्येच त्याचा कंपाउंड पाथ (सगळे तुकडे जोडून एकच पाथ) करा, म्हणजे इनडिझाइनमध्ये ती एकच फ्रेम होते आणि एकच फोटो सगळ्या तुकड्यांतून दिसतो. पण नकाशा, यंत्राची आकृती, कुठलंही थरांचं गुंतागुंतीचं चित्र पेस्ट करणं मला पटत नाही. पेस्ट केलेल्या चित्राचा मूळ फाइलशी संबंध तुटतो. तेच चित्र चार पानांवर असेल तर एक बदल चार ठिकाणी करावा लागतो आणि त्यातलं एखादं ठिकाण हमखास राहून जातं.

अशा चित्राची एआय फाइल 'क्रिएट पीडीएफ कंपॅटिबल फाइल' चालू ठेवून सेव्ह करा आणि इनडिझाइनमध्ये 'प्लेस' करा. ती खूण नसेल तर पानावर चित्र दिसतच नाही. पुढे बदल हवा असेल तर ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून चित्रावर डबल-क्लिक करा: मूळ फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडते आणि सेव्ह केली की पानावरचं चित्र बदलतं. थर दाखवणं-लपवणं 'ऑब्जेक्ट लेयर ऑप्शन्स'मधून होतं. एकाच आकृतीत दोन भाषांची नावं दोन थरांवर ठेवली, तर दोन आवृत्त्यांना एकच फाइल पुरते.

इंकस्केप (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) आणि स्क्रायबस (पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर) यांच्याबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथे हे काम उलट सोपं आहे. इंकस्केपची एसव्हीजी (पाथ असलेली चित्राची) फाइल स्क्रायबसमध्ये 'फाइल', 'इम्पोर्ट', 'गेट व्हेक्टर फाइल' अशी आणली की तिचे आकार सुटे करता येतात. ब्लरसारखे फिल्टर मात्र येत नाहीत, आणि अक्षरं आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलेली बरी. आलेले रंग यादीत 'फ्रॉमएसव्हीजी' अशा नावाने दिसतात आणि ते आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचे असतात. छपाईसाठी प्रत्येक रंग तिथेच सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) बदला. यादीत एकदा बदलला की पानावर सगळीकडे बदलतो. माप मोजूनही बघा. इंकस्केप 0.92 पासून एक इंच म्हणजे 96 पिक्सेल धरतो, त्याआधी 90 धरत असे, त्यामुळे जुन्या फाइली सव्वासहा टक्के लहान होऊन येऊ शकतात. चित्र पीडीएफ म्हणून इमेज फ्रेममध्ये ठेवणार असाल, तर स्क्रायबसमधून अंतिम पीडीएफ काढताना 'एम्बेड पीडीएफ अँड ईपीएस फाइल्स' चालू करा, नाहीतर रेषांचे पिक्सेल होतात.